रूळ, हमरस्ता आणि डोंगर : वसई-विरारची सायकलभ्रमंती

वसई-विरारहून सायकलने डोंगररानात जायचे तर पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन उभे पट्टे लागतात. पहिला पश्चिम रेल्वेचा, दुसरा मुंबई–अहमदाबाद हमरस्त्याचा आणि तिसरा खुद्द तुंगारेश्वराच्या डोंगराचा. तिन्ही दक्षिणोत्तर पसरलेले, जवळजवळ समांतर. पहिल्या पट्ट्याच्या पश्चिमेला निर्मळ, आगाशी, अर्नाळ्याकडचा वाड्या-तळ्यांचा सपाट मुलूख आहे. तिथे सायकल ही पिढ्यान्‌पिढ्यांची घरची वस्तू, पाववाल्याची, दूधवाल्याची आणि शाळकरी पोरांची. तिसऱ्या पट्ट्याच्या पलीकडे भात, साग आणि आदिवासी पाड्यांचा मुलूख सुरू होतो. या भागातल्या सायकलभ्रमंतीचे सुख आणि तिची अडचण, दोन्ही या रचनेतच आहेत.

भूमीची घडण

वसई-विरारच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी आणि दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाची वसई खाडी. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला डोंगर. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. शहर वाढत वाढत पूर्वेला हमरस्त्यापर्यंत जाऊन भिडले आहे आणि हमरस्ता ओलांडला की थोड्याच अंतरावर अभयारण्याची हद्द लागते.

तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. वसई खाडीच्या दक्षिणेला बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि ईशान्येला तानसा अभयारण्य, या दोन मोठ्या रानांच्या मधला हा दुवा. खडक दख्खनचा काळा बेसाल्ट आणि माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर. पायथा मात्र जवळजवळ समुद्रसपाटीलाच असल्यामुळे हा आकडा दिसतो त्याहून जड पडतो. नाशिककडच्या एखाद्या डोंगराला पठाराची उंची आयती मिळालेली असते. इथल्या चढाचा मीटरन् मीटर सायकलस्वाराला स्वतःच्या पायांनी कमवावा लागतो.

सायकल आणि डोंगर यांचा संबंध

सायकलने दूरवर हिंडण्याची हौस सायकलीइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये सायकलप्रवाशांची संघटना १८७८ सालीच स्थापन झाली होती. डोंगर मात्र बराच काळ सायकलीच्या आवाक्याबाहेर राहिला, कारण एकाच दात्यांच्या जोडीवर चालणारी सायकल सपाटीसाठी घडलेली होती. फ्रान्समधल्या सेंट एतिएन या डोंगराळ गावात पॉल द विवी यांनी, म्हणजे ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी गिअर बदलण्याच्या यंत्रणेचा हिरीरीने पुरस्कार केला. त्या काळच्या शर्यतवीरांना हा कमकुवतपणा वाटे. तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला मुभा मिळाली ती थेट १९३७ साली. कच्च्या डोंगरवाटांसाठीची जाड टायरची सायकल त्यानंतर १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात आकाराला आली.

मुंबईहून सायकलने जग पालथे घालण्याची परंपराही जुनी आहे. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ साली मुंबईहून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. महाराष्ट्रात घाट हा सायकलपटूची खरी कसोटी मानला जातो. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, यातच सारे आले. अलीकडे २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत संपवली. ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या, स्पर्धा नसलेल्या फेऱ्याही महाराष्ट्रात रुजल्या आहेत. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. वसई-विरारचे रस्ते या पराक्रमांच्या तुलनेत छोटे आहेत, पण सरावाला आणि रान पाहायला तेवढे पुरतात.

वाटा : जवळची ते दूरची

सर्वांत जवळची वाट तुंगारेश्वराची. हमरस्त्यावरच्या सातिवलीजवळून आत वळले की अभयारण्याचे प्रवेशद्वार लागते. तिथून महादेवाच्या मंदिरापर्यंत तीन-चार किलोमीटरचा रस्ता रानातून जातो. दोन्ही बाजूंना साग, ऐन, खैर आणि खाली कारवीची झुडपे. वाटेत ओढे आडवे येतात. पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून वाहते आणि त्याखालच्या दगडांवर शेवाळ धरते. अशा जागी अनुभवी सायकलस्वार उतरून सायकल हाताने ढकलतो, कारण पाण्यात चाकाला दिसत नाही ते पायाला कळते. मंदिरापुढची वाट कच्ची आणि खडी आहे आणि पठाराकडे चढत जाते. इथे बारीक टायरची सायकल निरुपयोगी ठरते. सुटी खडी, पावसाने कोरलेल्या घळी आणि उघडी पडलेली मुळे यांतून फक्त जाड, खाचदार टायर पकड धरतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी या रस्त्यावर भाविकांची रीघ लागते. ते दिवस सायकलचे नव्हेत.

दुसरी वाट डोंगराच्या उत्तर अंगाने जाते. विरारहून हमरस्त्यावरच्या शिरसाड फाट्याला यायचे आणि पूर्वेला वळायचे. पारोळ, उसगाव करत हा रस्ता वज्रेश्वरीला पोहोचतो. उसगावचे धरण वसई-विरारला पाणी पुरवते. उजव्या हाताला तुंगारेश्वराची भिंत आणि डाव्या हाताला तानसा नदीचे खोरे अशी याची ठेवण. चढउतार सौम्य आहेत, गावे जवळजवळ आहेत, म्हणून पहिल्यांदा लांब जाणाऱ्याला हाच रस्ता योग्य. विरारपासून वज्रेश्वरी सुमारे ३० किलोमीटर. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर तिथे देऊळ उभे राहिले, असे सांगितले जाते. जवळच्या अकलोली आणि गणेशपुरी इथे तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. ताठरलेल्या पोटऱ्यांना त्यांच्याइतका उतारा दुसरा नाही.

पारोळहून भिवंडीकडे जाणारा रस्ता डोंगराच्या पूर्व अंगाने उतरतो आणि भिवंडीच्या बाजूने खारबाव, कामण, चिंचोटी करत पुन्हा वसईला येता येते. ही तुंगारेश्वराची पूर्ण प्रदक्षिणा झाली. पण तिचा दक्षिणेचा भाग, म्हणजे भिवंडीच्या गोदामांकडे जाणारा चिंचोटी–कामण रस्ता, अवजड मालमोटारींचा आणि खड्ड्यांचा आहे. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच घालायची, सोमसूत्र ओलांडायचे नाही आणि आल्या वाटेने परत फिरायचे, असा प्रघात आहे. सायकलस्वारानेही इथे तोच पाळलेला बरा : उत्तरेने पारोळपर्यंत जावे आणि तिथून मागे वळावे.

तिसरी वाट खाडीपलीकडची. विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणेच्या खाडीतून जलसारला जाणारी रो-रो बोट २०२५ साली सुरू झाली आणि रस्त्याने सुमारे साठ किलोमीटरचा वळसा पडणारे गाव पाण्याने दीड किलोमीटरवर आले. पलीकडे सफाळे, आणि सफाळ्याहून हमरस्त्यावरच्या वरई फाट्याला जोडणारा तांदुळवाडीचा घाट. घाट लहान असला तरी वळणे दाट झाडीतली आहेत आणि वर तांदुळवाडीचा किल्ला आहे. बोटीने जाऊन सफाळे, तांदुळवाडी घाट, वरई, शिरसाड असे विरारला परतले की समुद्र, खाडी, घाट आणि हमरस्ता एकाच दिवसात घडतात. वसई–भाईंदर रो-रो त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सुरू झाली होती. मुंबईकडून येणाऱ्याला तिने घोडबंदरचा गजबजलेला पूल टाळून थेट वसई किल्ल्याजवळ उतरता येते.

आणखी उत्तरेला पालघर–मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड आहे. खिंडीत वाघोबाचे ठाणे आहे. वारली आणि इतर आदिवासी समाज वाघाला व बिबट्याला देव मानतात, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. येणारा-जाणारा क्षणभर थांबून हात जोडतो आणि पुढे जातो. खिंड चढून धापा टाकणारा सायकलस्वार तिथे थांबतोच, त्यासाठी श्रद्धेची अट नाही. खिंडीनंतरचा उतार सूर्या नदीकाठच्या मासवणकडे नेतो.

दूरची आणि खरी डोंगरी वाट जव्हारची. मनोर, विक्रमगड, जव्हार असा हा मार्ग विरारपासून सुमारे शंभर किलोमीटरचा आहे आणि मुक्कामाशिवाय करू नये. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. पूर्वी ते संस्थान होते. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा आणि १६६४च्या सुरत स्वारीवर जाताना शिवाजी महाराज थांबले होते ते शिरपामाळ, ही तिथली ठिकाणे. जव्हारपुढे मोखाडा, खोडाळा आणि सूर्यामाळचे पठार लागते. मोखाड्याहून रस्ता त्र्यंबकेश्वरकडे चढतो, म्हणजे कोकण संपून देश सुरू होतो.

चढाचे गणित

चढात दमछाक का होते आणि गिअर नेमके काय करतात, हे आकड्यांनी चांगले उमगते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन धरले आणि रस्ता शंभर मीटरला सात मीटर चढणारा धरला, तर जुन्या पद्धतीची एकच गिअर असलेली काळी सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे पाच मीटर पुढे जाते. पाय मिनिटाला निदान ४० फेरे तरी फिरत राहायचे तर तिला ताशी १२ किलोमीटरचा वेग लागतो आणि त्यासाठी सुमारे २३० वॅट शक्ती. सराव नसलेल्या माणसाला ती काही मिनिटेच टिकते. मग उभे राहून दाब देणे आणि शेवटी उतरून ढकलणे आले.

पुढे २८ आणि मागे ३४ दाते असलेली गिअरची सायकल एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच जाते. मिनिटाला ६० फेरे केले तर वेग ताशी सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याइतका. पण लागणारी शक्ती निम्म्यावर, सुमारे १२० वॅटवर येते, आणि ती तासभर देता येते. गिअर मेहनत वाचवत नाही. तीच मेहनत जास्त वेळावर पसरून देतो. सहाशे मीटर चढायला शरीराला एकूण सुमारे पाचशे किलोकॅलरी खर्चाव्याच लागतात, सायकल कोणतीही असो. त्यातला चौथा हिस्सा वजन वर नेण्यात जातो आणि उरलेली उष्णता होऊन घामावाटे निघते. म्हणून कोकणच्या दमट हवेत तासाला लिटरभर पाणी आणि त्यासोबत मीठ-साखर लागते. खाण्यासाठी आगाशीकडची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, हा खिशात मावणारा आणि न आंबणारा उत्तम शिधा आहे. मार्च ते मे या काळात रस्त्याकडेचे ताडगोळे आणि रसवंती पाण्याची सोय करतात.

उताराचे गणित उलटे असते. चढताना साठवलेली ऊर्जा खाली येताना काही हवेच्या अडथळ्यात आणि उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. ब्रेक सतत दाबून धरला की रिम आणि पॅड तापतात, पकड सुटते. वळणाच्या आधी दाबणे, वळणात सोडणे आणि पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून वापरणे, ही घाटातली रीत. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. त्यामुळे पावसाळ्यात डिस्क ब्रेक असलेला बरा.

पंक्चर या मुलखात ठरलेलेच. करवंदीचे आणि बाभळीचे काटे कच्च्या वाटेवर, तारेचे तुकडे हमरस्त्याच्या कडेला. हमरस्ता सोडला की पंक्चरवाला मैलोन्‌मैल नसतो. दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप आणि चेन जोडायचे साधन जवळ हवेच. नवी ट्यूब चढवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढावा, नाहीतर तोच काटा दुसऱ्या ट्यूबलाही भोक पाडतो. घाईत विसरली जाणारी गोष्ट हीच.

ऋतू

या भागातला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. डोंगर तेव्हाच सर्वांत देखणा असतो आणि तेव्हाच सर्वांत धोक्याचा. ओढ्यांना अचानक लोंढा येतो. चिंचोटीच्या धबधब्यावर बुडून अनेकांचे जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात तिथे जाण्यावर प्रशासन बंदी घालते. सायकलस्वाराने पावसाळ्यात डांबरी रस्ता धरावा आणि वाहत्या फरशीपुलावर सायकल घालू नये.

ऑक्टोबरचा उष्मा ओसरला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. भाताची कापणी होते, पहाटे धुके असते, रस्ते कोरडे असतात. इथले रान पानझडीचे आहे. फेब्रुवारीपासून साग आणि ऐन उघडे पडू लागतात आणि मार्चमध्ये सावली हरवते. पण त्याच महिन्यात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात आणि बोडक्या डोंगरावर लाल-केशरी ठिपके उमटतात. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे पाच ते नऊ एवढीच वेळ सायकलची.

रान आणि त्याचे कायदे

अभयारण्यातला प्रवेश १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. दारावर नोंद करणे, शुल्क भरणे, दिवसाउजेडी बाहेर पडणे आणि ठरलेला रस्ता न सोडणे हे अपेक्षित आहे. आग पेटवणे गुन्हा आहे आणि पानगळीनंतर तर एक काडीही डोंगर जाळू शकते. रानात बिबट्या, भेकर, रानडुक्कर, माकडे आहेत. बिबट्या सहसा माणसाला टाळतो, पण सायकल आवाज न करता येते आणि वळणावर जनावर दचकू शकते. सांजवेळ आणि पहाटेचा अंधार टाळणे, एकट्याने न जाणे आणि आडवळणावर घंटी वाजवणे एवढे पुरेसे असते. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये एक बिबट्या थेट समुद्रकाठच्या वसई किल्ल्यात येऊन राहिला होता आणि पिंजऱ्यात सापडेपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. माणूस जे तीन पट्टे ओलांडून रानाकडे जातो, ते जनावरेही ओलांडत असतात.

पाड्यांमधून जाताना रस्ता हा अंगणाचाच भाग असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. भात वाळत घातलेले असते, कोंबड्या आणि लहान मुले अचानक समोर येतात. वेग तिथे कमी करायचा असतो, फोटो विचारून काढायचा असतो.

मधला पट्टा

वरच्या सगळ्या वाटा एका जागी अडतात : हमरस्त्यावर. रेल्वेचा पट्टा जुना आहे. विरारहून बॅक बेकडे पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. गर्दीच्या लोकलमध्ये उभी सायकल चढवणे कठीणच. घडीची किंवा चाके काढून पिशवीत बांधलेली सायकल दुपारच्या निवांत गाडीतून नेता येते. पण रूळ ओलांडायला पूल तरी आहेत. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर अवजड मालमोटारी रात्रंदिवस धावतात, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या कडेला असतात आणि सायकलसाठी वेगळी पट्टी नाही. सातिवली किंवा शिरसाडला पोहोचण्यासाठी याच रस्त्यावरून काही अंतर जावे लागते. डोंगरातल्या कुठल्याही उतारापेक्षा ते अंतर अधिक जोखमीचे आहे.

पट्ट्यांची संख्या आता वाढते आहे. मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिका आणि नियोजित विरार–अलिबाग मार्गिका यांची कामे किंवा आखणी याच मुलखात आहे. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव असतो. म्हणजे सायकलस्वाराच्या दृष्टीने प्रत्येक नवा मार्ग ही आणखी एक भिंत. तिच्याखालून गावरस्त्यांसाठी ठेवलेले बोगदे रुंद आणि कोरडे आहेत की नाहीत, यावर जुन्या वाटा शाबूत राहणार की तुटणार हे ठरेल. रो-रो बोटींनी दाखवून दिले आहे की एखादा छोटा दुवा सबंध प्रदेश सायकलच्या टप्प्यात आणू शकतो. तसाच दुवा स्थानक आणि डोंगर यांच्यामध्ये, हमरस्त्याच्या कडेला वेगळ्या पट्टीच्या रूपाने, हवा आहे.

तोवर रीत साधी आहे. अंधार असतानाच तयारी करावी, उजाडल्यावर हमरस्ता ओलांडावा, चढ हलक्या गिअरवर सावकाश चढावा आणि ऊन व मालमोटारी दोन्ही वाढण्याआधी खाली उतरावे. चढासाठी २८ दात्यांची चकती पुरते. हमरस्त्यासाठी अजून काही पुरत नाही.